रिक्षातून मोजलेला दम

१२ जानेवारी १९७९

सकाळी कॉलेजात, डॉ. मालती बोकारेंच्या खोलीत. बाई शरीरक्रियाशास्त्र शिकवतात आणि धावणाऱ्यांचा दम मोजतात. मला खेळाच्या पानासाठी दीड कॉलम हवा. खोलीत जमिनीला खिळलेली एक सायकल, भिंतीला टांगलेल्या गादीएवढ्या पिशव्या, काचेच्या नळ्या. सायकल मारणाऱ्यानं तोंडातल्या नळीतून पिशवीत श्वास सोडायचा, मग त्यातला प्राणवायू किती खर्ची पडला ते नळ्यांत मोजायचं.

लेखासाठी, बाईंचं म्हणणं: पूर्वी माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू घेतो एवढंच बघत. त्यासाठी त्याला पार गळून पडेपर्यंत दामटावं लागे. हृदयाच्या रोग्याचं असं कसं करणार? म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. भार हळूहळू वाढवत न्यायचा. श्वासही बेताबेतानं वाढतो. मग एक जागा येते, तिथून श्वास एकदम उसळतो. ती हद्द. तिच्या अलीकडे माणूस तासन्‌तास पळेल. पलीकडे गेला की रक्तात आम्ल साचायला लागतं, मग फार वेळ निभत नाही. युरोपात हीच हद्द रक्ताच्या थेंबातून शोधतात.

"दोन घराणी आहेत," बाई म्हणाल्या. "श्वासवाले आणि रक्तवाले. एकमेकांचं गाणं पटत नाही."

मराठीत काय म्हणावं? मी 'उंबरठा' सुचवला. बाईंनी लगेच फळ्यावर लिहिला.

१६ जाने.

ढोके मास्तर ऑफिसात. मुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवतात. पुण्याच्या सराव-शिबिरात इथून एकच मुलगी जायची आहे आणि निवड मास्तरांच्या हाती. दोघी तुल्यबळ: इथलीच, धंतोलीची अलका आणि बाहेरगावची, सावनेरची कुंदा रामटेके. चाचणी शर्यतीत खांद्याला खांदा लावून आल्या.

"एकीले पाठवलं तं दुसरीचा बाप माह्या दारात उभा राहते," मास्तर म्हणाले. "तू त्या बोकारे मॅडमबद्दल लिहून राहिला ना? मंग मशीनच सांगू दे, कोणाचा दम मोठा."

बाईंना विचारलं. तयार. मुलींवर पहिल्यांदाच करणार, म्हणून जरा हरखल्याच.

१९ जाने.

आज दोघींची परीक्षा.

अलका आधी. मजेत सायकल मारली. बाईंनी आलेखावर पट्टी ठेवली, श्वासाची रेघ बरीच पुढे जाऊन वाकली, म्हणजे उंबरठा लांब. उत्तम.

मग कुंदा. काटक, सावळी, बाप कोळशाच्या खाणीत. नाकाला चिमटा, तोंडात नळी. नळी काढल्यावर म्हणाली, "बैलाले मुस्कं बांधते तशी दिसून राहिली असन मी." सगळे हसले. नंतर कोणी हसलं नाही. रेघ फार लवकर वाकली होती. उतरली तेव्हा मांड्या लटलट कापत होत्या.

मास्तर: "म्हणजे हिचा दमच लहान. दोन वर्षं उगाच पळवून राहिलो हिले."

कुंदा: "मास्तर, माहा दम नाही गेला. पाय भरून आले."

"आता कारणं नको सांगू वं."

बाईंनी तर्री पोहे मागवले होते. कुंदानं प्लेट साफ केली, वरची तिखट तर्री पुन्हा मागून घेतली. रडेल असं मला वाटलं होतं.

निघताना सावनेरच्या एस.टी.ची वेळ होत आलेली. बाई म्हणाल्या, "माझी सायकल ने स्टँडपर्यंत. हे आणतील परत." (हे म्हणजे मी.)

"मले नाही येत जी."

"काय येत नाही?"

"सायकल. कधी चालवलीच नाही. घरी एकच हाय, ते बाबा डूटीवर नेते."

बाई हातात किल्ली धरून तशाच उभ्या. मग मास्तरांना म्हणाल्या, "नाव कधी द्यायचंय?"

"सोमवारी. काहून?"

बाई पुन्हा आलेख उलगडून बसल्या. कुंदाला मी माझ्या सायकलवर डबलसीट स्टँडवर सोडलं. वाटेत एकच बोलली: "दादा, मी खरंच दमली नव्हती." एस.टी. मिळाली.

२० जाने.

बाई अख्खी रात्र झोपलेल्या दिसत नाहीत. मला आणि मास्तरांना बोलावून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं. या शहरात बाई स्वतः सायकलवर येतात, मी सायकलवर, मास्तर सायकलवर, अलका रोज कॉलेजला सायकलवर. म्हणून कुंदाला सायकल येते का, हे विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. न वापरलेले स्नायू लवकर हात टेकतात. आम्ल तिथंच साचतं, श्वास उसळतो, रेघ वाकते. धावणारीचा उंबरठा धावतानाच मोजायला हवा.

मास्तर: "मॅडम, तुमच्या मशीननं हिले पाडलं, आता मशीनलेच पाडून राहिल्या तुम्ही?"

"पोहणाऱ्याला झाडावर चढवून त्याचा दम मोजाल का मास्तर?"

मास्तर मिशीवरून हात फिरवत बसले. शेवटी: "उद्या रविवार. उद्या मोजा. परवा मी नाव देतो."

धावताना मोजायचं तर पायांखाली सरकणारा, पळता पट्टा लागतो. तो इथं नाही, जवळपास कुठंच नाही. मी विचारलं, "पिशव्या पाठीला बांधून?" त्या वजनानं पळणंच बदलेल, बाई म्हणाल्या. खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिल्या. मग, "सायकल-रिक्षा मिळेल का हो?"

२१ जाने., रविवार

आजच्यासारखी सकाळ या नोकरीत पुन्हा मिळायची नाही.

मैदान. रिक्षाच्या सीटवर डॉ. बोकारे, पदर खोचलेला, भोवती पिशव्या. बाजूनं पळणारी कुंदा, तिच्या तोंडातून रिक्षात गेलेली लांब नळी. घड्याळ आणि शिट्टी माझ्याकडे. दर टप्प्याला वेग थोडा वाढवायचा, टप्प्याच्या शेवटी बाई पिशवीची तोटी फिरवणार.

रिक्षावाल्याला काही केल्या एक वेग धरता येईना. मोकळं मैदान दिसलं की जोर लावायचा. नळी ताणायची, बाई ओरडायच्या. मास्तर वैतागले. "उतर गा तू! मी चालवतो." आणि स्वतः पायडल मारायला बसले. रिक्षावाला कठड्यावर बिडी पेटवून बसला. "मास्तर, सवारी पाडू नका बरं!"

पहिले टप्पे ठीक. पुढे मास्तरांचा शर्ट भिजला. आणखी पुढे मान खाली. कुंदा बाजूनं एका लयीत, पावलांचा आवाजही नाही. शिट्टी वाजली की मास्तर "आणखी?" म्हणून माझ्याकडे बघायचे. एका वळणावर त्यांच्या घशातून भात्यासारखा आवाज सुरू झाला. बाई मागून शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमचा उंबरठा गेला."

कुंदाला नळीमुळे हसता येईना. डोळ्यांतून पाणी. हसण्यानं पिशवी बिघडली, तो टप्पा बाईंनी पुन्हा करून घेतला. मास्तरांनीही केला. रिक्षा परत रिक्षावाल्याला देऊ म्हटलं तर ऐकेनात.

प्रत्येक टप्प्याला कुंदाच्या कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब. "रक्तवाल्यांनाही बोलायला जागा नको," बाई म्हणाल्या.

मागून अलका, त्याच पद्धतीनं. रिक्षा या खेपेला रिक्षावाल्याकडे. मास्तरांना बघून बघून तो वेग शिकला होता.

२२ जाने.

दुपारी आलेख. बाईंनी पट्टी ठेवली. अलकाची रेघ जवळपास शुक्रवारसारखीच. कुंदाची सरळ, सरळ, सरळच. मास्तर कागदावर इतके वाकले की बाईंनी त्यांचं डोकं हातानं बाजूला केलं. वाकली ती पार कागदाच्या कडेशी. अलकाच्या खूप पुढे.

रक्ताचा निकाल संध्याकाळी. आम्ल चढायला लागलं ते त्याच वेगाला. श्वास आणि रक्त, दोन्ही घराणी एका सुरात. बाई खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. मग चष्मा पुसला, बराच वेळ.

मास्तरांनी तिथूनच फोनवर नाव दिलं. कुंदा दारात. "मास्तर, म्हणजे मी...?"

"मंग काय मी जाऊ पुण्याले? चाल, पाया पड मॅडमच्या."

बाईंनी पडू दिलं नाही. हातात हात घेतला.

अलका मागेच उभी होती. कुंदाला म्हणाली, "पुढच्या खेपेले रिक्षात तुले बसवतो अन्‌ मी पळतो." चांगली पोरगी.

पान छपाईला सोडायला थोडा वेळ उरलेला. एका बैठकीत लिहिलं. संपादक: "श्वास मोजल्याची बातमी पहिल्या पानावर?" म्हटलं, वाचा. वाचली. गेली पहिल्या पानावर. मथळ्यात 'उंबरठा' तसाच ठेवला.

३० जाने.

बाईंचा शोधनिबंध टाइप होतोय. शीर्षकात रिक्षा नाही. मी निषेध नोंदवला. आत आहे म्हणतात, "तीनचाकी वाहन" म्हणून.

पुण्याहून मास्तरांना निरोप. शिबिरात पहिल्याच दिवशी सर्वांची दमाची परीक्षा. त्यासाठी परदेशी, नवीकोरी, जमिनीला खिळलेली सायकल आणली आहे.

मास्तर कपाळाला हात लावून बसले. "आता पुण्यात रिक्षा कोण ओढन?" बाईंनी तिथल्या डॉक्टरांना सगळं लिहून कळवलंय. मानतील, न मानतील. कुंदानं एवढंच विचारलं, "सायकल शिकाले किती दिवस लागते?"

४ फेब्रु., रविवार

मैदान. बाईंची लेडीज सायकल. कुंदा सीटवर, एका बाजूला मास्तर, एका बाजूला मी, मागून बाई कॅरिअर धरून. पुण्याची गाडी उद्याची. दोन-चार दिवसांत मांड्या तयार होत नाहीत, बाईंनी स्पष्ट सांगितलंय. पण पाय पायडलला अनोळखी तरी नकोत.

दोनदा पडली. कोपर सोललं. "सोडू नका जी, सोडू नका!"

"नाही सोडत वं, समोर पाहा!" मास्तर ओरडले आणि आम्हांला डोळ्यानं खूण केली. तिघांनीही सोडलं.

गेली. हँडल डुगडुगलं, सावरलं. वळण घेतलं. अर्ध्या मैदानावरून ओरडली, "मॅडम, पाय नाही भरून राहिले!" बाई टाळ्या वाजवत मागं पळाल्या, दहा पावलांत धापा टाकत थांबल्या. मास्तर काय म्हणणार ते बाईंना कळलं. "बोलू नका," म्हणाल्या.

कुंदा पलीकडच्या टोकाला, जोरात. फाटक उघडं. बाहेर रस्ता.

मास्तर एकदम माझ्याकडे वळले. "ब्रेक कोणता ते सांगितलं का गा तिले?"