गुलाबी मका

२ मार्च
बिनमातीच्या चाऱ्याचा रॅक उभा राहिला एकदाचा! लोखंडी अँगलचे चार कप्पे, प्रत्येकावर एलईडी पट्टी. आतल्या खोलीला खिडकी नाही, पण बटण दाबलं की नुसता लखलखाट. मल्हार म्हणाला, "आपल्या लग्नात बी एवढी लायटिंग नव्हती!" सासरे, म्हणजे मामा, दारातूनच बघून गेले — "चाऱ्याला लाईट? शेरडं काय अभ्यासाला बसणार हायेत का?"
आत्यानं मात्र सगळे ट्रे विसळून दिले. सासू झाली तरी माझी आत्याच ती. उन्हाळ्यात शेळ्यांना हिरवं मिळणार म्हणून तिलाच लय हौस. फोटो काढून स्टेटसला टाकला.

३ मार्च
मका भिजवला. पेरणीतलं उरलेलं बियाणं, गुलाबी औषध लावलेलं. पाणी लालभडक! दोन-तीनदा धुतलं. निघालं असंल.

११ मार्च
वीतभर हिरवंगार! ट्रेमधून सतरंजीसारखी गुंडाळी निघाली. पहिला मान चांदीला — आत्याची लाडकी, नुकतीच व्यालेली. मुळांसकट, न उगवलेल्या दाण्यांसकट फस्त केलं. मग आत्या शेळ्या घेऊन रानात गेली, तिला काही बोलले नाही. आल्यावर चकित करणार.

११ मार्च, संध्याकाळ
चांदी गेली. रानातच. थरथरली, तोंडाला फेस आला, पडली.
मामा आत्यावर तुटून पडले. "ज्वारीच्या धसकटाला कोवळे फुटवे आलेत, ते खाऊ दिलेस! इख असतंय त्यात, ठावं न्हाई तुला? जलम गेला की शेरडं राखण्यात!"
आत्या म्हणाली, "नजर चुकली माझी."
मी तिथंच उभी होते. सकाळी चांदीला काय घातलं ते सांगितलं नाही.

१२ मार्च
बियाण्याची पिशवी कुठंच सापडेना. मग स्टेटसचा फोटो आठवला, कोपऱ्यात पिशवी दिसतेय. मोठा करून पाहिला. बारीक अक्षरांत — जनावरांना खाऊ घालू नये.
मीच मारलं चांदीला. मीच!
बाकीचे ट्रे खड्ड्यात पुरले. बुरशी लागली म्हणून सांगितलं. एक खोटं कमी होतं म्हणून आणखी एक.

१५ मार्च
मामांनी आत्याची काठी काढून घेतली. शेळ्या आता मल्हार नेतो. चांदीचं करडू बाटलीला तोंड लावत नाही, आत्याच्या बोटावरचं दूध तेवढं चाटतं.
उद्या सांगणार. नक्की.

१६ मार्च
नाही सांगितलं. जेवताना मामा परत म्हणाले, "म्हातारीला आता दिसंना." तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. भेकड मेली मी!

१८ मार्च
आत्या चुलीपाशी करडाला पाजत होती. शेवटी बोलले, "आत्या, चांदी माझ्यामुळं..."
तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय. रिकाम्या ट्रेच्या तळाला गुलाबी दाणे हुते. पिशवी मीच चुलीत घातली."
"मग मामांना का नाही सांगितलंस?"
"तुझा रॅक उकिरड्यावर गेला असता, येडे. किती हौसंनं मांडलास. औषध नसलेला मका आण आता. आन काठीचं काय, मला बी कटाळा आलाच हुता."
तेवढ्यात मल्हारनं शेळ्या सोडल्या. आत्या करडू तसंच खाली ठेवून फाटकापाशी गेली. शेळ्या दिसेनाशा होईपर्यंत तिथंच उभी.

१९ मार्च
मामांना सांगितलं. सगळं.
रॅक अंगणात आडवा पडलाय. काठी आत्याच्या हातात आहे.