तांबेऱ्यासाठी राखलेलं झाड

३ मार्च
नर्सरीच्या मालकांनी मागचा वाफा दिला — एका हंगामापुरता. औषध न मारता डेलिली या फुलझाडाचं एक जरी रोप तांबेऱ्यातून, पानांवरच्या बुरशीच्या रोगातून, निभावलं, तर वाफा माझा. नाहीतर तिथेही बुरशीनाशकाचा पंप फिरणार, आणि फिरवणार मी. याच नर्सरीत आई तो पंप पाठीवर घेऊन फिरायची. छातीचं दुखणं त्यानेच झालं का, हे डॉक्टरांनी शेवटपर्यंत नक्की सांगितलं नाही. मी पंप उचलणार नाही.

६ मार्च
आईचं पिवळ्या फुलांचं डेलिलीचं झाड अंगणातून काढून वाफ्याच्या मधोमध लावलं. भोवतीची रोपं त्याच्याच बियांची. पराग कुंपणाजवळच्या विटकरी फुलांच्या झाडाचा. तांबेरा आईच्या झाडाला सगळ्यांत आधी धरतो, म्हणून तर ते हवं. रोग आलाच नाही तर कुठलं रोप टिकणारं हे कळणार कसं? बाबांना दोनदा समजावलं.
"म्हणजे तिला मुद्दाम आजारी पाडणार."
झाडाला, बाबा, म्हटलं. ते उठून आत गेले.

२ एप्रिल
आला! आईच्या झाडाच्या पानांखाली नारिंगी पूड. पांढरा कागद फिरवला, रेघ उमटली. आनंद झाला. लगेच लाजही वाटली.

१९ एप्रिल
आणखी रोपं बाद. उपटून पिशवीत बांधली. हात धुतो, सदरा बदलतो, मगच दुसऱ्या वाफ्यात पाऊल टाकतो. ताई म्हणते, पानं पुसतोस तशी घरची भांडी पुसलीस तर माझा जन्म सार्थकी लागेल. मालक म्हणाले, रोगाला आमंत्रण देऊन बोलावणारा तूच पहिला.
बाबा संध्याकाळी येऊन झाडापाशी बसतात. पानं टोकाकडून वाळत चालली आहेत.

१० मे
उरलेल्या रोपांवर नवा डाग नाही. कागद कोरा! मालक स्वतः वाकून बघून गेले. "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे पुष्कळ.

११ मे
आईच्या झाडावरूनही कागद कोरा निघाला. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं — ते झाड स्वच्छ असूच शकत नाही. पानांच्या बेचक्यात पांढरट थर होता. बोट नाकाशी नेलं. आईच्या कपड्यांना यायचा तोच वास.
बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. मी यायच्या आधी पंप मारून जात होते. औषध रोपांवरही उडालं असणार. म्हणजे सगळी पारख वाया.
"तिला खंगताना एकदा बघितलंय," म्हणाले. "परत बघवेना."
ओरडायचं होतं. कागद घडी करून खिशात ठेवला.

१२ मे
मालकांना सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे?

१३ मे
सांगितलं. मालक म्हणाले, हंगाम संपेपर्यंत थांबतो, पुढे नाही. पंपाच्या खोलीला कुलूप लावलं. बाबांबद्दल एक शब्द काढला नाही.

२८ जून
औषधाचा असर गेला, तांबेरा परतला. रोपं एकामागून एक गेली. एकच उभं आहे. त्याच्या पानांवर बारीक ठिपके पडतात आणि तिथेच सुकतात. पूड धरत नाही. आज फूल आलं. विटकरी, मळकट, अरुंद पाकळ्यांचं.
बाबा बघत उभे राहिले. "कुणावर गेलंय हे?"
"बापावर."
हसले. कितीतरी महिन्यांनी.

५ जुलै
वाफा माझा झाला. मालकांनी हातात हात घेऊन सांगितलं. घरी कळवलं तर बाबा कुदळ घेऊनच आले, थेट आईच्या झाडापाशी. मी म्हटलं, पुढच्या हंगामाला रोग धरायला हे लागेल.
"पुरे आता," म्हणाले. "फार दिवस अडवून धरलं आपण तिला."
मुळांचा गड्डा मोठा होता. बाबा दमले, तेव्हा कुदळ मी घेतली.