उरलेल्या मुलीची जोडीदार

३ फेब्रुवारी

येरमेक साहेबांनी बोलावलं. आमच्या अल्माटीच्या बॅडमिंटन संघटनेचे अध्यक्ष. पूर्वी कुस्ती खेळायचे, त्यामुळे बॅडमिंटनमधलं सगळं कळतं — असा त्यांचा समज. समोर बौर्साक ठेवले, कझाक लोकांचे तळलेले पिठाचे गोळे. "खा, बाई. वाळलात." एवढी माया म्हणजे मागणी मोठी.

होतीच. पुतणीला, बोताला, दुहेरीत उतरवायचंय. तेही माझ्याकडे शिकणाऱ्या नुरिलाबरोबर.

"नुरिलाची जोडी साऊलेशी आहे," मी म्हटलं. "लहानपणापासून."

"मग काय झालं? लोक घोडे बदलतात की."

बोता रॅकेट पळीसारखी धरते. कढईत ढवळायला उत्तम.

४ फेब्रुवारी

नाही म्हणून सांगून आले. आज चहासुद्धा विचारला नाही.

९ फेब्रुवारी

मी इथे नकार देऊन शूर झाले, आणि आज नुरिला स्वतःच आली. "बाई, मी बोताबरोबर खेळते. उन्हाळ्यात युरोपला पाठवणार म्हणालेत साहेब."

"साऊलेला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा ना."

वा. मीच सांगायचं.

मलाही एकदा असंच सांगितलं होतं, तिकडे चीनमध्ये, आमच्या प्रांताच्या संघाच्या खानावळीत, रांगेत. मी चोवीस वर्षांची. मुख्य प्रशिक्षकांनी कमळकाकडीच्या सारात पळी फिरवत म्हटलं, "शूजन, उद्यापासून निए होंग दुसरीबरोबर खेळेल." आणि सार वाढून घेतलं. निए होंग, माझी जोडीदार, माझ्या मागेच उभी होती. तिने वाडगा पुढे केला. मग मी क्वालालंपूरला शिकवायला गेले, मग कोपनहेगन, मग इथे. देश का सोडला विचारलं की म्हणते, हवापालट.

१० फेब्रुवारी

साऊलेला सांगितलं. खानावळीत नाही, एवढीच काय ती माझी सुधारणा. ती बुटाची नाडी बांधत होती, बांधतच राहिली. मग म्हणाली, "आता मी कोणाबरोबर?"

खरंच, कोणाबरोबर? बाकीच्या मुलींना अजून सर्व्हिस धड येत नाही.

१४ फेब्रुवारी

नवरोजच्या शहर स्पर्धेचे नियम वाचले. वयाची अट नाही. इथे राहणारे परदेशीही चालतात. साऊलेच्या नावापुढे माझं नाव घातलं. पोरीसाठी. दुसरं काही नाही.

येरमेक साहेब पोट धरून हसले. "बाई, तुमचे गुडघे?"

"दोन आहेत," मी म्हटलं.

२६ फेब्रुवारी

सगळ्या मोठेपणाचं मातेरं. साऊले माझ्यावर ओरडते — माझ्याच शब्दांत. "बाई, मागे! बाई, शटल बघताय की पाखरं?" मी इतकी वर्षं हे असलं बोलत आले? पोरींनी मला अजून मारलं कसं नाही?

नेटजवळ मात्र हात तोच आहे. आज साऊलेनं मागून जोरात मारलेलं शटल समोरून परत आलं, आणि मी ते पुढच्या पुढे टिपलं. विचार करायच्या आत. पोरगी खुदकन हसली. मीही.

८ मार्च

महिला दिन. येरमेक साहेबांनी मुलींना ट्यूलिप दिली, मला गुडघ्याचा पट्टा.

पट्टा चांगला आहे, हेच वाईट.

२० मार्च

अंतिम फेरीत पोचलो. शहराच्या पेपरात मथळा — ‘चिनी भिंत पुन्हा उभी’. भिंतीला जिना उतरताना कठडा लागतो, ते छापलं नाही.

उद्या समोर नुरिला आणि बोता.

२१ मार्च

जिंकलो. सभ्यपणे नाही.

मी प्रत्येक शटल बोताकडे घातलं. सरळ, साधं, बोताकडे. नुरिला बिचारी दोघींचं कोर्ट एकटीने धावत होती. तिसऱ्या गेममध्ये दोघी एकाच शटलवर धावल्या आणि एकमेकींवर आदळल्या. बोता खाली बसली ती उठेचना. लागलं असेल म्हणून मी नेटखालून पलीकडे गेले. ती हळूच म्हणाली, "बाई, लवकर संपवा ना. मला दातांची डॉक्टर व्हायचंय. काका ऐकतच नाहीत."

संपवलं. दातांच्या डॉक्टरची आज्ञा मोडू नये.

येरमेक साहेबांनी करंडक देताना माझा हात इतका दाबला, की जुनी कुस्ती आठवली असावी. "राष्ट्रीय स्पर्धेलाही तुम्हीच उतरा आता," म्हणाले. टोमणाच होता. मी वाकून आभार मानले.

साऊले रडत होती. नुरिला पलीकडच्या बाकावर एकटीच, टॉवेल डोक्यावर घेऊन.

२ एप्रिल

साऊले बरी खेळतेय. माझा बॅकहँडही.

५ एप्रिल

साऊले आली. बरोबर नुरिला. "बाई, राष्ट्रीय स्पर्धेत आम्ही दोघी खेळू का? तिने माफी मागितली. बोतानं काकांना स्पष्ट सांगून टाकलंय."

"आणि मी?" — माझ्या तोंडून निघून गेलं.

साऊले गोंधळली. "तुम्ही बाहेर बसा ना, बाई. तुम्ही आत असलात की आम्हाला ओरडायला कोणी नसतं."

बरोबर आहे. हो म्हटलं, पाठीवर थाप मारली, दोघींना धावायला पाठवलं.

काल मी नवे बूट आणलेत. साऊलेसाठी खेळते असं सगळ्यांना सांगितलं होतं. इथेही तसंच लिहिलं होतं.