तंबूत न राहणारं रिव्हॉल्व्हर

प्रिय मरीना,

‘तंबूत मागे राहणार नाही असं रिव्हॉल्व्हर घ्या, नाहीतर यंदा नदीवर मी येत नाही’ हे तुझं एका वाक्याचं पत्र मिळालं. सूत्रकारांनी हेवा करावा असा संक्षेप साधल्याबद्दल अभिनंदन. तिथे अँकरेजला तुझ्या आईच्या गुडघ्याचं शस्त्रकर्म नीट पार पडलं हे मला तुझ्या नास्तास्या मावशीकडून कळलं. ती बातमी तुझ्या सूत्रात मावली नसावी.

तुझी अट रास्त आहे. गेल्या जुलैतली ती सकाळ मी वेगळ्या प्रकारे सांगू शकत नाही, कारण साक्षीदार तूच आहेस. मासे मोजण्यासाठी नदीत आडवं घातलेलं आपलं कुंपण, त्याच्या फटीतून वर निघालेले सॅमन, कमरेइतक्या पाण्यात वाकून ते मोजणारी तू, आणि काठावर उभं राहून आल्डरच्या झुडपांवर नजर ठेवणारा मी. श्रमविभाग आदर्श होता. फक्त ते लांब नळीचं रिव्हॉल्व्हर, लोखंडी तव्याच्या वजनाचं, तंबूच्या खांबाला टांगलेलं होतं आणि माझ्या हातात कॉफीचा मग होता. अस्वल तुझ्या पाठीमागून पाण्यात उतरलं तेव्हा मी तो मग उगारला. तू मान वळवलीस आणि मेहुण्याशी बोलतेस त्याच आवाजात त्याला म्हणालीस, “ए बाबा, रांगेत ये!” ते क्षणभर विचारात पडलं, एक मासा उचलला आणि गेलं. मग तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “प्रोफेसर, विचारलं असतंत तर कॉफी घेतली असती त्यानं.” आपण दोघंही पुष्कळ हसलो. त्या संध्याकाळी ते रिव्हॉल्व्हर खांबावरून काढून तू माझ्या उशीवर ठेवलंस, हेही माझ्या लक्षात आहे.

तर मी फ्लोरेन्सियोच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. अर्धं कोडियाक गाव तिथे खरेदीला जातं आणि उरलेलं सल्ला द्यायला. मी म्हटलं, गोळी अस्वलाला पुरेल एवढी जाड हवी, पण वस्तू दिवसभर छातीवर बांधून विसरता येईल एवढी लहान हवी. फ्लोरेन्सियो म्हणाला, “म्हणजे तुम्हाला तोफ पाहिजे, पण रुमालासारखी घडी होणारी. बायकोच्या बाबतीतही माझ्या अशाच अपेक्षा होत्या, प्रोफेसर. तिनं पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केल्या.” आतून त्याची बायको ओरडली, “अजून चालू आहे दुरुस्ती!”

लघुत्व आणि गुरुत्व एकाच द्रव्यात नांदत नाहीत, हे तत्त्व त्यानं मग तीन नमुने काउंटरवर मांडून सिद्ध केलं. पहिलं टायटेनियमचं. उचललं तर पेन उचलल्यासारखं वाटावं. पण वस्तू हलकी असली की गोळीचा सगळा धक्का हातानं सोसायचा. एक बार काढला की दुसरा काढायची वासना उरत नाही. दुसरं याहूनही दांडग्या गोळीचं, आखूड नळीचं. ते पाहून नास्तास्या मावशी (ती तिथे मीठ घ्यायला आली होती, त्या दुकानात मीठ मिळत नाही) म्हणाली, “हे घे. अस्वल वाचलं तरी जन्मभर बहिरं राहील. तूही.” तिसरं मधलं. पोलादी, चव्वेचाळीस मॅग्नम या जाड गोळीचं, नळी माझ्या मधल्या बोटापेक्षा आखूड, चक्रात सहा गोळ्या. वजन आहे, पण ते वजन धक्का पिऊन टाकतं. तेच घेतलं. पाण्यात घालायच्या रबरी विजारीवरूनही बांधता येणारा छातीचा पट्टा मिळाला. तो घालून मी दुकानात बसलो, उठलो, वाकलो, बुटाची नाडी बांधली. मावशीनं विचारलं, “नाचूनही दाखवणार का?” तो दिवसभर काढला नाही. तंबूचा प्रश्न सुटला.

या वर्षी बर्फ उशिरा वितळतोय. बंदरात बोटी रंगवायला घेतल्यात. मावशीनं माझ्यासाठी मासे आणि भात भरलेला पिरोक भाजून पाठवला, सोबत निरोप, “मरीना येईपर्यंत हाडं दिसू देऊ नकोस, नाहीतर दोष माझ्यावर येईल.” खाल्ला. हाडं दिसत नाहीत.

आपल्या तळावरची जूनमधली परीक्षा तुला आठवत असेल. ती प्रथा माझीच. नवख्याच्या हाती रिव्हॉल्व्हर द्यायचं, पण गोळ्यांमध्ये कुठेतरी एक उडवलेली, रिकामी पुंगळी गुपचूप घालायची. घोडा त्या पुंगळीवर पडला की नुसता ‘टक्’ असा आवाज होतो, आणि धक्का नसताना नळी काय करते ते उघड दिसतं. ज्याचा हात आवाजाच्या आधीच दचकतो त्याची नळी वाकून जमिनीला नमस्कार करते. अशाची गोळी अस्वलाला लागत नाही, त्याच्या अलीकडच्या खडीत घुसते. तू पहिल्या वर्षी आलीस तेव्हा ‘टक्’ झालं आणि तुझी नळी दगडात बसवल्यासारखी स्थिर राहिली. तू वैतागून म्हणालीस, “गोळ्या पण जुन्याच आणता का हो?” त्यानंतरही तुला पाण्यातच उभं केलं, कारण तुझ्याइतकं अचूक मोजणारं दुसरं कोणी नव्हतं. काठ सोपा आहे असं माझं मत होतं.

मंगळवारी फ्लोरेन्सियो आणि मी खडीच्या खाणीत ते पोलादी रिव्हॉल्व्हर उडवून पाहायला गेलो. चक्र त्यानं भरलं. पहिल्या बाराला समोर मांडलेला डबा उडाला. मी मोठा माणूस असल्याच्या आविर्भावात त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या वेळी ‘टक्’ झालं, आणि माझी नळी पायाशी वाकली. दोष वस्तूचा असेल म्हणून माझं जुनं लांब रिव्हॉल्व्हर घेतलं, त्यातही त्यालाच चक्र भरायला लावलं. तीच गत. तिसऱ्यांदाही. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये असं नव्हतं. जुलैनंतर मी चाप ओढलाच नव्हता, इतकंच सांगतो. फ्लोरेन्सियो समुद्राकडे तोंड करून म्हणाला, “आज भरती लवकर आली वाटतं.” भरतीची वेळ नव्हती. दुकानात परतल्यावर मी त्याला नव्या रिव्हॉल्व्हरची मूठ बदलायला सांगितली. माझ्या पंजासाठी बसवलेली काढून लहान, तुझ्या मापाची. तेव्हा या पत्राचं प्रयोजन असं की जूनमध्ये काठावर तू उभी राहशील आणि पाण्यात वाकून मासे मी मोजीन. आधी खाणीत परीक्षा होईल, चक्र मी भरीन, आणि पुंगळी कुठे आहे ते सांगणार नाही. छातीपर्यंतची रबरी विजार मात्र माझ्याकडे नाही, आजवर लागली नाही; अँकरेजहून येताना माझ्या मापाची एक आण. मोजताना चुका होतील, त्या तू काठावरून ओरडून सांगशीलच. पण मान वळवून मागे पाहायची सवय मी लावून घेणार नाही.

तुझाच,
हॅल्वर