योगिताचे आकडे

६ एप्रिल, सोमवार

पेपर परत आला! परीक्षकाचा एकच प्रश्न — तुमचा संदर्भ जीन उष्णतेत स्थिर राहतो, हे तपासलं का?

नाही तपासलं. लिंबाच्या रोपांना उष्णता दिली की कुठला जीन किती वाढतो, हे मोजायला एक न बदलणारा जीन लागतो. त्याच्याशी ताडून बाकीचे मोजायचे. सगळे अ‍ॅक्टिन घेतात. मीही घेतला.

जयंत सर म्हणाले, "अश्विनी, आठवड्यात उरकून टाक. काही निघणार नाही त्यातून."

९ एप्रिल

संदर्भासाठी सहा जीन लावून पाहिले, अ‍ॅक्टिन धरून. अ‍ॅक्टिनच हलतोय! बेचाळीस अंशांना पार खाली. म्हणून माझा जीन चौपट वाढलेला दिसत होता. खरं तर जेमतेम वाढलाय.

पुन्हा केलं. तेच.

१० एप्रिल

लिहायचं टाळत होते. योगिता. आमची प्रोजेक्ट असिस्टंट, लिंबायतहून यायची. दिवाळीआधी तिचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळेनात. मला हळूच म्हणाली, "ताई, मी अ‍ॅक्टिन सोडून दुसरा जीन लावला. तुम्ही पण बघा ना एकदा."

बघितलं नाही. सरांनी विचारलं, फरक कशामुळे? मी म्हणाले, "तिचा हात थरथरतो, सर. थेंब कमी-जास्त पडतात." दुसऱ्या जीनबद्दल चकार शब्द नाही. ती दारातच उभी होती.

महिनाअखेर तिला काढलं.

आज तिची वही काढली. माझे नवे आकडे, तिचे आकडे — जवळजवळ सारखे.

१३ एप्रिल

सरांच्या केबिनपाशी तीनदा गेले. तीनदा परत आले. भित्री.

१५ एप्रिल

सांगितलं. सगळं.

सर ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. म्हणाले, "पेपर मागे घेऊ. वही मीही उघडली नाही. पण तिला तूच जाऊन सांग."

१९ एप्रिल, रविवार

लिंबायतला गेले. योगिता भाजी आणायला गेलेली. तिच्या आईनं, पार्वतीमावशींनी, बसवलं. शेजारीण आली, आत योगिताच्या बाबांना इन्सुलिनची सुई देऊन गेली. मी सहज विचारलं, योगिता नाही देत?

पूर्वी तीच द्यायची म्हणे. "आते तिले सोताना हातवर भरोसा नही, ताई."

योगिता आली. मी उभी राहिले. तुझे आकडे बरोबर होते, तुझा हात कधीच थरथरला नव्हता, मी खोटं बोलले — एका दमात म्हणून टाकलं.

तिनं पिशवी खाली ठेवली.

"बाबांना ऐकू जाईल असं परत म्हणा."

म्हणाले.