सव्वा पोतं वाळू

शेंद्रा
४ ऑगस्ट २०२५

चि. तनुजास मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कालपासून तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाय. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो, आणि मुद्दा बाजूला राहतो. कागदावरचं फिरवता येत नाय, म्हणून हे पत्र. इम्रान रोज शहरातून माझ्या शेडवर वेल्डिंगला येतो, तो क्रांती चौकाजवळ तुझ्या खोलीवर पोचवेल. उत्तर त्याच्याच हाती दे.

तर तुझ्या पीएचडीच्या गाइड विशाखा मॅडम म्हणाल्या की नऊ ते चौदा नंबरच्या टेस्टचे आकडे घरी बसून लिहिलेले दिसतात. घरी बसून! अगं, एका टेस्टला दहा हजार ओढी. एका ओढीला दहा सेकंद. सत्तावीस तास सेहेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद मोटर फिरते, तेव्हा शेवटचा एक आकडा हाती येतो. बाईंनी कधी एवढा वेळ एका जागी बसून काही बघितलंय का?

माझं यंत्र त्यांना ‘जुगाड’ वाटतं म्हणे. कॅम मी स्वतः घासलाय. तो वजन उचलतो, सोडतो. तार कप्पीवरून जाऊन टाकीतल्या वाळूत रोवलेला पाइल, म्हणजे पायाचा खांब, आडवा ओढते. पुलाखालच्या, पवनचक्कीखालच्या पाइलचं जे होतं तेच इथं छोट्या नळीचं होतं. ओढलं की मागं फट पडते, फटीत वाळू उतरते, सोडल्यावर पाइल मागं येतो पण पुरता येत नाय. दर वेळी केसभर कललेला उरतो. पहिल्या शंभर ओढींत जास्त, पुढं कमी कमी, पण थांबत नाय. हे मी दहावी नापास माणसानं टॉर्च लावून डोळ्यानं बघितलंय.

आता तुझं बघ. पहिल्या आठ टेस्टला वाळू तू भरलीस. नंतर तुला ताप आला, म्हणून पुढच्या सहाला मी भरली, तू फक्त कल मोजायची डायल वाचायला आलीस. त्या सहांत आपण वजन वाढवलं, आणि पाइल उलट निम्माच कलला! माझ्या भरण्यात खोट असणं शक्य नाय, म्हणजे डायल वाचण्यात तुझी गफलत. तशी गफलत तू करतेस. टाकीला सव्वासव्वीस पोती लागतात असं सांगून गेलीस, मला दर वेळी साडेसत्तावीस लागली. चाळीस किलोचं पोतं मोजता येत नसेल तर मिलिमीटरचा शंभरावा भाग काय वाचणार?

मॅडमपुढं मान खाली घालू नको. त्यांना म्हणावं, शेंद्र्याला या आणि यंत्रासमोर उभं राहून बोला.

अक्काला नमस्कार. रागावलोय, पण माया आहे तेवढीच आहे. तुझ्याकडूनही कमी न व्हावी.

तुझा मामा
सांडू

•

छत्रपती संभाजीनगर
६ ऑगस्ट २०२५

ती. मामांस तनुजाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इम्रानभाईंनी दिलं. देताना म्हणाले, जपून उघड, गरम आहे.

मामा, डायल मी चुकीची वाचलेली नाही. प्रत्येक आकड्याचा फोटो आहे, तारीख-वेळेसकट. तुम्ही मला गफलत करणारी म्हणालात त्याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. आई म्हणते, तुम्ही दोघं एकाच मातीचे, एकानं तरी गप्प बसावं. मी म्हटलं, मामांना आधी सांग.

पण पत्रातली एक गोष्ट मला सोडत नाही. टाकी तीच, आतली खूण तीच, वाळू तीच. मग तुमच्या वेळी सव्वा पोतं जास्त कुठं गेलं? मी दर वेळी काट्यावर तोलून सव्वासव्वीसच भरलेली आहेत. तेवढ्याच जागेत जास्त वाळू मावली, म्हणजे ती दाबून बसली. दाबलेल्या वाळूत पाइल कमीच कलणार, वजन वाढवलं तरी. आणि प्रबंधात मी लिहिलंय की चौदाही टेस्टची वाळू सारखी सैल आहे.

रागावू नका. चाळणी हातात घेण्यापासून मोटरचं बटण दाबेपर्यंत तुम्ही काय काय करता ते एकही गोष्ट न गाळता लिहून पाठवा. पंचवीस तारखेला समितीपुढं मला उत्तर द्यायचंय. ते पटलं नाही तर माझी नोंदणी रद्द होईल. चार वर्षं जातील, मामा.

तब्येत जपा. पत्रात कितीही ओरडा, फक्त लिहिणं थांबवू नका एवढी विनंती.

आपली
तनुजा

•

शेंद्रा
८ ऑगस्ट २०२५

चि. तनुजास आशीर्वाद. वि. वि.

छान. आता भाची मामाची परीक्षा घेणार. चिकलठाण्याच्या फाउंड्रीत बावीस वर्षं मोल्डर होतो. वाळूच्या साच्यात लोखंड ओतून पोट भरलं. पंपाचे, मोटारींचे किती भाग माझ्या हातच्या साच्यातून गेले त्याची गणती नाय, एक परत आला नाय. आणि वाळू कशी भरली हे मी तुला लिहून द्यायचं! घे.

एक. वाळू पत्र्यावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवतो. मुठीत धरून सोडली की हाताला कण चिकटता कामा नये.

दोन. चाळणी साखळीला टांगतो. वाळूपासून उंची साठ सेंटिमीटर. थर चढला की साखळी तेवढीच वर. पट्टी लावून बघतो, अंदाजानं नाय.

तीन. दहा सेंटिमीटरचा एक थर, असे सात. चाळणी एका चालीनं हलवतो. मध्ये चहा घेत नाय, कुणाशी बोलत नाय. इम्रानला विचार, एकदा त्याला एवढ्याचसाठी हाकललं.

चार. खुणेपर्यंत आली की पट्टीनं वरून सपाट. हात लावत नाय.

पाच. तार, कप्पी, डायल शून्यावर, बटण.

संपलं. यात काय राहिलं? काही नाय. सव्वा पोत्याचं विचारशील तर काटा तुझ्या कॉलेजचा आहे, त्यालाच विचार. आणि हे बघ, माझ्या हातावर शंका घ्यायची असेल तर तोंडावर घे, असं गोड बोलून यादी मागवू नको. तू लहान होतीस तेव्हा खोटं बोलताना असंच गोड बोलायचीस.

जेवतेस ना वेळेवर? माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे, राग आपोआप जाईल.

मामा

•

छत्रपती संभाजीनगर
१२ ऑगस्ट २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमची यादी मिळाली. अगदी बरोबर आहे. त्यात काही राहिलेलं नाही.

विषय मिटवलाय, काळजी नको. काल मॅडमना लेखी दिलं की त्या सहा टेस्टच्या वेळी टाकी रिकामी करून नव्यानं भरायची सोडून मी आधीचीच बसलेली वाळू वापरली. कंटाळा केला, असं लिहिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, खोट्या आकड्यांपेक्षा आळस बरा. त्या सहा टेस्ट प्रबंधातून काढायच्या, समिती मला ताकीद देईल आणि वर्षभर पुढं ढकलेल. नोंदणी राहील.

तुम्ही आता मॅडमना भेटायला वगैरे जाऊ नका. कशालाच जाऊ नका. खुलताबादच्या गेटचं काम अडलंय असं इम्रानभाई म्हणत होते, ते पुरं करा.

तुमचा आशीर्वाद आहे तसा राहो, बाकी मला काही नको.

आपली
तनुजा

•

शेंद्रा
१४ ऑगस्ट २०२५

चि. तनुजा,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

तू आळशी? चाळणीच्या वजनानं बोटं सुजली तरी सातवा थर पुरा करणारी पोरगी आळशी? पत्र वाचलं तेव्हाच कळलं की काहीतरी झाकलंय. इम्रानला धरलं. तो आधी म्हणे, भाई मुझे कुछ नहीं मालूम. मग वेल्डिंगची काच डोळ्यावर ओढून घेतली. मी ती वर केली आणि म्हटलं, बोल.

नऊ तारखेला तू त्याला विचारलंस, मामा थर भरल्यावर काय करतात. तो म्हणाला, काही नाय, मोगरीनं टाकीला चारी बाजूनं ठोकतात, फाउंड्रीत साच्याला ठोकायचे तसं.

तनुजा, मला शपथेवर विचारलं असतं तरी मी नाय म्हणालो असतो. साच्यात वाळू सैल राहिली की कास्टिंग वाया, म्हणून थर झाला की मोगरी. बावीस वर्षं. त्या लाकडी मोगरीचं मी यादीत लिहिलं नाय कारण माझ्या लेखी ते काम नव्हतंच. श्वास घेतला हे कुणी लिहितं का?

तरी माझा विश्वास बसेना. काल टाकी रिकामी केली. इम्रानला समोर उभं केलं आणि सांगितलं, माझा हात मोगरीकडं गेला की ओरड. तो पाच वेळा ओरडला. सात थरांत पाच वेळा! वाळू भरली सव्वासव्वीस. मग ठोकून बघितलं, खुणेपासून साडेतीन सेंटिमीटर खाली गेली. वरून पुन्हा भरली. साडेसत्तावीस.

ही चूक माझी. तू ती कुणाला विचारून स्वतःच्या नावावर घेतलीस? मामा मोडेल असं वाटलं? लोखंड ओतताना पायावर पडलं तेव्हा मी मोडलो नाय. तुझ्या या दयेचा मला जेवढा राग आलाय तेवढा मॅडमचा आला नव्हता. माझ्यासाठी एक वर्ष देऊन टाकतेस, आणि वर गोड पत्र लिहितेस!

आज कॉलेजात गेलो. मॅडमच्या दाराशी पाऊण तास उभा होतो. आत गेल्यावर आधी त्यांच्यावरच ओरडलो, ‘जुगाड’ म्हणाल्या म्हणून. मग मोगरी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, थर, ठोके, पोती. त्यांनी मोगरी उचलून बघितली. शेवटी एकच विचारलं, दर थराला किती ठोके? मी म्हटलं, बाजूला तीन, म्हणजे बारा. त्यांनी लिहून घेतलं. मला सही करायला सांगितलं, मी केली.

म्हणाल्या, मुलीचं पत्र परत देते. समितीला मी बोलते, तीस सप्टेंबरपर्यंत सहा टेस्ट नव्यानं करा, मग वर्ष वाया जायचं कारण नाही. निघताना म्हणाल्या, यंत्र बघायला येईन. मी हो म्हटलं नाय, नाय म्हटलं नाय.

सोमवारी सकाळी आठला शेडवर ये. वाळू उन्हात टाकलीय. साखळी, चाळणी, पट्टी सगळं जागच्या जागी आहे. भरायचं तू एकटीनं. सातवा थर होऊन डायल शून्यावर येईपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाय. बाहेर बाकावर बसेन, शेडकडं पाठ करून. मी उठलोच तर इम्रानला सांगून ठेवलंय, धरून बसव.

आता आशीर्वाद. आहेत तेवढे सगळे.

मामा