सासूबाईंचा चाकांवरचा मुक्काम

हुडकेश्वर, नागपूर
मे १९७३

रा. रा. रुपरावभाऊ यांस,
आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा आनंदराव याचा सप्रेम नमस्कार. आपली, वहिनींची आणि मोसंबीच्या बागेची प्रकृती उत्तम असेल, विहिरीला पाणी असेल आणि मोटरपंप रुसला नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. आपल्या मातोश्री एका दिवसासाठी म्हणून नागपूरला आल्या त्या अजून का परतल्या नाहीत, असं आपण विचारलंत. उत्तर लांब आहे, जेवण आटोपून वाचावं.

प्रेमिलेला सहावा महिना लागला. मागच्या खेपेचं दुःख आपल्याला माहीतच आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी या वेळी एस.टी.चे धक्के साफ मना केले. म्हणजे तिला नरखेडला माहेरी येणं बंद. आणि मातोश्रींचा नेम असा, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. (हा नेम मोडायला मी हात जोडले, कीर्तनकारबुवांकडून वदवलं, शेवटी आपण स्वतः येऊन रागावलात. उपयोग शून्य.) त्यामुळे त्या सकाळच्या गाडीने यायच्या, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायच्या, फाटकाबाहेर बसून शिदोरी सोडायच्या, लेकीला पोटाशी धरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मागून प्रेमिला दोन दिवस ताटावर नुसती बसून राहायची.

अशात डेन्मार्क नावाच्या देशातलं एक कुटुंब आमच्या दारात येऊन थांबलं. येन्स नावाचा नवरा, हेल्गाबाई, कणसाच्या केसांसारखे केस असलेल्या दोन मुली, एक मोटार, आणि त्या मोटारीला मागे बांधलेलं एक अख्खं घर! खिडक्या, पडदे, पलंग, चूल, सगळं चाकांवर. (त्याला कॅरव्हॅन म्हणतात. आमच्या गल्लीतले लोक सर्कशीचा पिंजरा समजून वाघ पाहायला येत होते.) नागपूरच्या वैशाखात कोणी हौसेने हिंडायला निघतो का? आमच्या रस्त्यावर मोटारीचं इंजिन उकळलं, मिस्त्री म्हणाला सुटा भाग मुंबईहून मागवावा लागेल, आणि मी भिडेखातर बोलून गेलो की तोवर आमच्या निंबाखाली राहा. माझी भीड मला एक दिवस खाणार, असं प्रेमिला म्हणतेच.

दुसऱ्याच दिवशी मातोश्री आल्या. त्यांनी कॅरव्हॅनभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिली आणि मला विचारलं, "जवाईबापू, हे घर कोनाचं?" म्हटलं, या पाहुण्यांचं. "जमिनीत रोवलं तं नाही ना?" म्हटलं, नाही, चाकं आहेत. "मंग हे काही लेकीचं घर नाही. मी इथंच राह्यते." आणि गाठोडं घेऊन त्या आत शिरल्यासुद्धा. हेल्गाबाईंनी आदराने हात जोडले, ती मातोश्रींनी संमती धरली.

तेव्हापासून चारही डॅनिश आमच्या घरात कूलरसमोर झोपतात आणि मी ओसरीवर. आमच्या विहिरीचं पाणी मातोश्रींना चालत नाही, पण येन्सने शेंदून दिलं तर ते येन्सचं होतं. ज्वारीचं पीठ मी हेल्गाबाईंना द्यायचं, त्यांनी मातोश्रींना द्यायचं, की त्याचा जावईपणा निघून जातो. (मी एकदा घाईत थेट दिलं. ते पीठ शेजारच्या ओमप्रकाशच्या म्हशीने खाल्लं.)

सगळ्यात कठीण पुढेच. कॅरव्हॅन मातोश्रींचं घर झालं, म्हणजे ती माझी सासुरवाडी! रविवारी मला जेवणाचं आमंत्रण आलं. टोपी घालून, धुतलेलं धोतर नेसून मी माझ्याच ओसरीवरून माझ्याच निंबाखाली पाहुणा गेलो. घरात पुरुषमाणूस हवा म्हणून येन्सने माझ्या पायांवर पाणी घातलं. बाकडं इतकं बुटकं की पुरणपोळी गुडघ्यांवर ठेवून खाल्ली. उठताना डोकं फळीवर आपटलं. निघताना टॉवेल-टोपी मिळाली, आणि मातोश्री डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "येत जा बापू, लय दूर पडते तुम्हाले."

आता सुटा भाग आला, मोटार दुरुस्त झाली. मंडळी शुक्रवारी दक्षिणेकडे निघतात आणि मातोश्रींनी येन्सला रामेश्वर वाटेत लागतं का, अशी खुणांनी चौकशी केली आहे. तरी आपण गुरुवारी येऊन त्यांना घेऊन जावं. सासुरवास सुनांनी सोसायचा असतो. जावयाने तो आपल्याच अंगणात किती सोसावा?

आपला,
आनंदराव

ता. क. गुरुवारी येऊ नका. वरचा मजकूर भर दुपारी, कूलरचं पाणी संपलेलं असताना लिहिला. आता संध्याकाळ आहे. प्रेमिला कॅरव्हॅनच्या पायरीवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आहे. ती आताशा दोन भाकरी खाते, झोपते, आणि काल मोठ्याने हसली. वर्षभरात ते हसू मी ऐकलं नव्हतं. शुक्रवारी घर निघून जाईल आणि ती पुन्हा ताटावर नुसती बसेल, ते मला पाहवणार नाही, भाऊ. म्हणून एक विनंती. आपल्या गोठ्यामागे ती छपराची जुनी बैलगाडी, दमणी, पडून आहे ना, ती ट्रकवर टाकून गुरुवारपर्यंत पाठवा. बैल नकोत. चाकं मात्र दोन्ही शाबूत हवीत.

ता. क. मातोश्रींना विचारलं. म्हणाल्या, "चालन. पन एका जागी उभी राहून राहून तिचं घर होते, रोज हालवा लागन." कबूल केलं. सकाळी हातभर पुढे, संध्याकाळी हातभर मागे, मी ढकलीन. पीठ हातोहात द्यायला ओमप्रकाश तयार आहे. बाळ झालं की मातोश्री आमची पायरी चढून आमच्या घरचं पाणी पितील. मग त्यांना न्यायला आपण खुशाल या; प्रेमिला त्यांना पाठवायची नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.